दहा सेकंदांचे ज्योतिषी

माझे साडू हे अख्ख्या नागपुरातले एकमेव सज्जन असतील, ज्यांनी हे शहर हजारदा अंधारात बुडवलं आणि ज्यांच्याविरुद्ध एकाही नागरिकाने कधी तक्रार केली नाही. कधी सकाळी दहाला, कधी भर दुपारी, एकदा तर चतुर्थीच्या दिवशी साबुदाण्याची खिचडी खाता खाता त्यांनी सीताबर्डीपासून सक्करदऱ्यापर्यंतचे सगळे दिवे घालवले आणि "गेलं बाप्पा!" असं म्हणून ताटातली मिरची बाजूला सारली. शेजारी बसलेल्या पाहुण्यांना वाटलं, कोणी नातेवाईक गेला. त्यांनी हातातला घास खाली ठेवला आणि हलक्या आवाजात विचारलं, "कोण?" साडू म्हणाले, "नागपूर." मग त्यांनी मांडीखालून आलेखाच्या कागदाची गुंडाळी काढली आणि नेमकं कुठून कसं गेलं ते पाहुण्यांना दाखवायला सुरुवात केली. पाहुणे पुन्हा आले नाहीत.

हे सगळं कागदावर व्हायचं, म्हणून आम्ही नागपूरकर वाचलो. साडू वीज खात्यात इंजिनियर होते. पण खांबावर चढणारे, तारा ओढणारे किंवा बिल जास्त आलं म्हणून आपण ज्यांच्या टेबलापुढे जाऊन उभे राहतो, त्यातले ते नव्हते. ते 'स्टडी' करत. खऱ्या मशीनची कागदावर नक्कल करायची आणि तिच्यावर प्रयोग करून बघायचे, असं ते काम. मी कॉलेजात इतिहास शिकवतो. घडून गेलेल्या गोष्टींबद्दल बोलण्याचा मला पगार मिळतो. न घडलेल्या गोष्टींबद्दल बोलण्याचा पगार मिळू शकतो, हे मला लग्नानंतर, बायकोची थोरली बहीण म्हणजे आमच्या ताई ज्यांना दिल्या होत्या ते गृहस्थ पाहून कळलं.

त्यांचं काम समजून घ्यायला मला सहा वर्षं लागली. तुमचा वेळ वाचावा म्हणून थोडक्यात सांगतो. वीज साठवून ठेवता येत नाही. ज्या क्षणी जेवढी लागते, तेवढीच त्या क्षणी तयार व्हावी लागते. सगळ्या वीजकेंद्रांतली मशीनं एकाच तारेला जुंपलेली असतात. एका मशीनचा जोर वाढवला, तर दुसऱ्या कुणाचा तरी तेवढाच कमी करावा लागतो. आणि हे करताना ती एकमेकांना हिसके देतात. हिसका सोसण्याजोगा असेल तर थोडा वेळ हेलकावे खाऊन शांत होतात. नसेल तर एखादं मशीन तार सोडून मोकळं होतं. त्याचा भार बाकीच्यांवर पडतो, मग तीही सोडतात, आणि आपण मेणबत्ती शोधायला लागतो. हे सगळं आठ-दहा सेकंदांत आटोपतं. साडूंचं आयुष्य या दहा सेकंदांत गेलं.

सुरुवातीला हे ते हाताने करत. सेकंदाच्या दहाव्या भागात कोणतं मशीन किती हलेल, हे स्लाइड रूल नावाची आकडेमोडीची सरकती पट्टी घेऊन काढायला एक सकाळ जाई. म्हणजे दहा सेकंदांना शंभर सकाळी. बर्डीवरचा ज्योतिषी दहा मिनिटांत तुमची पुढची चाळीस वर्षं सांगतो. आमचे साडू साडेतीन महिने राबून पुढचे दहा सेकंद सांगत. पुढे मुंबईच्या संगणकाची सोय झाली, तेव्हा भोकं पाडलेल्या पत्त्यांचा खोका मांडीवर घेऊन ते रेल्वेने जात. ताई म्हणत, "पोरगी लहान होती तेव्हा तिले कधी इतकं धरून नाही बसले." त्या पत्त्यांत एक आकडा चुकला की आठवड्याने जो कागद येई, त्यात नागपूरचं मशीन नेम सोडून वेगाने फिरत आकाशात निघून गेलेलं असे. साडू तो कागद बघून हसत नसत. "बिचारं," म्हणत.

पण त्यांचा खरा आनंद वेगळाच होता. एकदा सकाळी सकाळी ते सायकलवरून आमच्याकडे आले. चेहरा असा फुललेला, की मला वाटलं बढती झाली. त्यांनी गुंडाळी उलगडली. कागदावर या टोकापासून त्या टोकापर्यंत एक सरळ रेघ होती.

"बघा साडभाऊ!"

मी बघितलं. "रेघ आहे."

"सरळ आहे."

"सरळ आहे," मी कबूल केलं.

"काहीच नाही झालं!" ते म्हणाले आणि त्यांचा आवाज चक्क भरून आला. "कोणत्याच मशीनले हात नाही लावला, अन् दहा सेकंद काहीच नाही झालं. ही पहिली परीक्षा असते. आपण काही न करता काही होऊन राहिलं, तर समजा आपलं गणित चुकलं."

मी इतिहासाचा माणूस. कोणी काही न करता काय काय होतं, हे मला ठाऊक होतं. पण त्यांच्या आनंदावर पाणी टाकवेना. बायकोने चहात साखर जास्त घातली आणि आम्ही ती रेघ साजरी केली.

या परीक्षेनंतरच ते मशीनला हात लावत, आणि तोही कसा? त्यांचे थोरले साहेब, म्हणजे ज्यांच्या टेबलावर तीन टेलिफोन असून एकही लागत नसे असे अधिकारी, त्यांना एकदा म्हणाले, "अहो, मशीनचं उत्पादन वाढवायचं ना? मग साठ खोडा, शंभर लिहा. कागदच तर आहे!" हे वाक्य साडूंना इतकं लागलं, की त्या दिवशी ते डबा परत घेऊन आले. "आकडा खोडून मशीन नाही वाढत," ते मला म्हणाले. "गव्हर्नरले, म्हणजे वेग सांभाळणाऱ्या यंत्राले, सांगाव लागते. गव्हर्नर झडपेले सांगते. झडप वाफेले सांगते. वाफ मग चाकाले सांगते. अन् तिकडे दुसऱ्या मशीनले तेवढंच खाली याव लागते. प्रत्येकाले वेळ द्याव लागते." मी म्हटलं, "म्हणजे सरकारसारखंच." ते म्हणाले, "नाही. इथे शेवटी काम होते."

'हळूहळू' हा त्यांचा धर्म होता आणि तो त्यांनी ऑफिसात ठेवून येण्याची काळजी कधीच घेतली नाही. खुर्चीतून ते तीन टप्प्यांत उठत. आधी पाठ टेकूपासून सोडवत, मग थांबत; मग हातांवर भार घेत, थांबत; आणि मग उभे राहत. घरातल्या कूलरला त्यांनी स्वतः एक बटण बसवलं होतं, ज्याने पंखा झुळकीपासून वाऱ्यापर्यंत यायला चार मिनिटं लागत. तोवर पाहुण्यांचा घाम आपोआप वाळे. घरी जेवायला एखादा माणूस जास्त आला, तर ते न बोलता आपली एक पोळी कमी करत. मुलगी गणितात पहिली आली, तेव्हा त्यांनी प्रगतिपुस्तक हातात घेऊन आधी विचारलं, "संस्कृतात किती उतरले?" ते उतरलेच होते. त्यांना समाधान वाटलं.

एका रविवारी ते मला तर्री-पोहे खायला घेऊन गेले. नागपुरात पोह्यांवर तिखटजाळ लाल रस्सा ओततात, तो ओतायला पोहेवाल्याला एक सेकंदसुद्धा लागत नाही. साडूंनी त्याचा हात हवेतच धरला.

"एकदम नको टाकू गा. आधी अर्धी पळी."

त्याने अर्धी पळी टाकली. साडूंनी दोन घास खाल्ले, डोळे मिटले, पोटात काय चाललं आहे याचा अंदाज घेतला. "आता पाव."

पाव पळी पडली. पुन्हा डोळे मिटले. मागे आठ गिऱ्हाइकं उभी.

"साहेब," पोहेवाला म्हणाला, "तुम्ही पोहे खाऊन राहिले, का पोहे तुमची परीक्षा घेऊन राहिले?"

साडू शांतपणे म्हणाले, "मी तुझ्या तर्रीची घेऊन राहिलो." आणि त्या दिवशी मात्र आठ गिऱ्हाइकांपैकी तिघांना ठसका लागला, साडूंना लागला नाही, हे मला इतिहासाशी प्रामाणिक राहून नोंदवायलाच हवं.

त्यांच्या भिंतीवर विजेवर चालणारं एक घड्याळ होतं. मशीनं मंदावली की असलं घड्याळही मंदावतं, आणि वीज गेली की थांबतं. त्यामुळे ते कायम मागे असे, आणि साडू ते कधीच पुढे करत नसत. "हे वेळ नाही दाखवत," ते सांगत, "हे आपण किती कमी पडलो ते दाखवते." त्या घड्याळावर भरवसा ठेवून मी दोनदा तास बुडवला आहे. आणि त्यांचा कान! बोलता बोलता ते मधेच गप्प होत आणि तर्जनी वर करत. काय झालं म्हणून आपण गप्प व्हावं, तर कूलरचा घूं असा सूर किंचित खाली आलेला असे. कुठेतरी कुणावर तरी भार पडलेला असे. साडू बोट वर धरून थांबत. चार-पाच सेकंदांनी सूर पुन्हा वर येई. मग बोट खाली घेऊन ते म्हणत, "उचललं." आणि अर्धवट राहिलेलं वाक्य पुरं करत. ताईंना या प्रकाराचा मनस्वी कंटाळा होता. "माझा भार उचलाले कोणी नाही येत," त्या स्वयंपाकघरातून म्हणत, "तेव्हा ह्यायचं बोट नाही वर होत."

आमचे सासरे खाप्याचे. कन्हानच्या काठी त्यांची शेती होती आणि विहिरीवर विजेची मोटर होती. ती चालण्यापेक्षा बंदच जास्त असे. दिवाळीला आम्ही दोघे जावई गेलो की ते थोरल्याला समोर बसवून विचारत, "जवाईबापू, एवढे शिकले तुम्ही. मंग लाईट काहून जाते?" एका वर्षी साडूंनी त्यांना सगळं समजावलं. अंगणातल्या मातीवर काडीने रेघा ओढून दीड तास. सासरे तंबाखू मळत ऐकत होते. शेवटी तळहात झटकून म्हणाले, "म्हंजे बैलजोडीच ना? एका बैलाने एकदम जोर केला, का दुसऱ्याची मान मुरगळते. दोघायले संगंमंगं चालवाव लागते." साडूंनी खिशातून वही काढली आणि ते वाक्य जसंच्या तसं लिहून घेतलं. परतताना बसमध्ये मला म्हणाले, "मी अकरा वर्षं लावली याले. अन् ते तंबाखू मळून राहिले होते."

आता त्या समारंभाकडे येतो. साडूंना ज्या एका सकाळसाठी ओळखायला हवं होतं आणि ज्या सकाळमुळे त्यांना कोणीही ओळखलं नाही, ती ही सकाळ.

शहराबाहेरच्या वीजकेंद्रात नवं मशीन आलं होतं. ते चालू होऊन नाममात्र भार घेऊन तारेला लागलंही होतं. आता मंत्री येणार, मंचावर एक पितळी चाक फिरवणार, आणि त्याबरोबर मशीन पूर्ण ताकदीने वीज देऊ लागणार, असा थोरल्या साहेबांचा बेत होता. चाकाच्या वर जत्रेतल्या घड्याळाएवढी तबकडी. मंत्र्यांनी चाक फिरवलं की तिचा काटा टाळ्यांच्या गजरात थेट शंभरावर जायचा. साडूंनी या बेताची स्टडी केली. कागदावर मंत्र्यांनी चाक फिरवलं. सातव्या सेकंदाला जुनी मशीनं सुटली. नवव्या सेकंदाला नागपूर गेलं.

गुंडाळी घेऊन ते साहेबांकडे गेले. साहेब म्हणाले, "तुमच्या कागदावर नागपूर रोज बुडतं. खरं किती वेळा बुडालं?"

"मी सांगितलेलं ऐकलं, म्हणून नाही बुडालं साहेब."

"मग काटा शंभरावर जाणारच नाही?"

"जाईल. पण दहा पायऱ्यांनी. दर पाच मिनिटांनी एक. इकडे एक पायरी वर, तिकडे जुनं मशीन एक पायरी खाली. पन्नास मिनिटं द्या."

पन्नास मिनिटं मिळाली, पण कशी ते ऐका. दीप लावायचा मुहूर्त दहा वाजून दहा मिनिटांचा होता. त्याआधी मशीन वाढवायचं नाही, कारण वीजकेंद्रातल्या सरकारी नोंदवहीत मशीन मंत्र्यांच्या आधी उत्साहात आलेलं दिसणं बरं नव्हे. म्हणजे दीप लागला की पायऱ्या सुरू. स्वागत, हारतुरे आणि साहेबांचं प्रास्ताविक चालू असेल, मंत्र्यांचं भाषण चालू असेल, तेव्हा पडद्यामागे मशीन चढत राहील. तबकडीवर रेशमी पडदा. भाषण संपवून मंत्री चाक फिरवतील ते नुसतंच फिरेल, पडदा बाजूला होईल, काटा शंभरावर. "आणि नसला," साहेब म्हणाले, "तर तुमची बदली." त्यांनी जंगलातल्या ज्या उपकेंद्राचं नाव घेतलं, तिथले वाघसुद्धा वशिला लावून बदली करून घेत, असं खात्यात म्हणत. साडूंची मुलगी त्या वर्षी मॅट्रिकला होती.

साडूंनी हिशेब मांडला. स्वागत आणि प्रास्ताविक, अठरा मिनिटं. मंत्र्यांचं भाषण: त्यासाठी त्यांनी रजा टाकून या मंत्र्यांच्या चार सभा ऐकल्या होत्या. सगळ्यात छोटं भाषण बेचाळीस मिनिटांचं होतं. साडूंनी सुरक्षिततेसाठी चाळीस धरलं. वहीत त्यांनी बाकीचे सगळे आकडे पेन्सिलीने लिहिले होते, बदलले तर खोडता यावेत म्हणून. चाळीस तेवढा शाईने लिहिला.

साहेबांना शुद्ध मराठी बोलणारा सूत्रसंचालक हवा होता. साडूंनी माझं नाव दिलं. हारतुऱ्यांच्या कार्यक्रमांविषयी माझं मत त्यांना माहीत होतं. पण ताईंनी माझ्या बायकोला निरोप पाठवला, आणि मग माझ्या मताला काही अर्थ उरला नाही.

एप्रिलचा महिना. मंडपाखाली हजारभर माणसं पत्रिकेने वारा घेत होती. मंचावर मंत्र्यांपुरता एक कूलर. मंचाच्या खाली डाव्या बाजूला, माइकपासून चार हातांवर, एका लाकडी खुर्चीत साडू, समोर टेलिफोन. टेलिफोनच्या दुसऱ्या टोकाला केंद्राच्या कंट्रोल रूममधला गजूभाऊ नावाचा जुना, मिशाळ ऑपरेटर. दीप लागला. साडू फोनमध्ये म्हणाले, "चल गा गजूभाऊ, पहिली."

मी नावं पुकारत होतो आणि एक कान साडूंकडे होता. "झाली का? ... जुनं उतरून राहिलं ना? ... थांब आता. घाई नको करू. श्वास घेऊ दे त्याले." मग दुसरी पायरी. तिसरी. साहेबांचं प्रास्ताविक ठरल्याप्रमाणे कंटाळवाणं झालं. अठरावं मिनिट. मंत्री उठले. साडूंनी माझ्याकडे बघून मान हलवली. सगळं शाईबरहुकूम चाललं होतं.

मंत्री माइकपाशी आले आणि घोगऱ्या, फाटक्या आवाजात म्हणाले, "बंधू-भगिनींनो, काल सावनेरच्या सभेत माझा घसा बसला आहे. आणि मी काही बोलणारा माणूस नाही. मी काम करणारा माणूस आहे. आज मी नाही, वीज बोलेल." आणखी दोन-चार वाक्यं, आणि प्रचंड टाळ्या. बाविसाव्या मिनिटाला ते चाकाकडे वळले.

चार पायऱ्या झाल्या होत्या. पाचवी चालू होती.

माझ्या डोळ्यांसमोर पुढचं सगळं एका क्षणात घडलं ते असं. साहेबांनी मंचावरून वाकून दात-ओठ खात साडूंना म्हटलं, "लगेच पूर्ण करा! सांगा त्याला, एकदम पूर्ण!" टेलिफोनमधून गजूभाऊचा आवाज मलाही ऐकू आला: "साहेब, काय करू? सोडू का सगळी वाफ?" आणि माझे साडू, जे आयुष्यात तीन टप्प्यांखेरीज खुर्चीतून उठले नव्हते, ते एका झटक्यात उभे राहिले आणि पहिल्या रांगेला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "नाही!"

त्यांनी एकदम केलेली ती मी पाहिलेली एकमेव गोष्ट.

साहेबांचा चेहरा पांढरा पडला. मंत्र्यांचा हात चाकापासून दोन वितींवर. साडूंनी माझ्याकडे बघितलं. मी माइक धरला.

"माननीय मंत्रिमहोदयांनी," मी म्हणालो, "चाकाला हात लावण्यापूर्वी मला दोन शब्द बोलण्याची परवानगी द्यावी. आपण आत्ता एक अपूर्व गोष्ट पाहिली. मंत्री थोडक्यात बोलले!"

हशा पिकला. मंत्री थांबले, हसले, आणि परत खुर्चीत बसले. स्तुती चालू असताना उठून जाणारा मंत्री मला अजून भेटायचा आहे.

त्या दिवशी मी संक्षिप्त भाषणाचं महत्त्व या विषयावर अठ्ठावीस मिनिटं बोललो. दगडावर अक्षर कोरणाऱ्यांना शब्द कसे काटकसरीने वापरावे लागत, इथून निघून मी रामटेकच्या गडावर पोचलो. तिथून सगळ्या पुराण्या देवळांतल्या दीपमाळा एकेक पणती मोजत लावल्या. पणतीवरून कंदिलावर आणि कंदिलावरून मंत्र्यांच्या लहानपणावर आलो, ज्याबद्दल मला काहीच माहीत नव्हतं. मधे मी घाईला लागलो की कोपऱ्यातून साडूंचा पंजा दिसे, तळवा खाली, हळूहळू दाबत. उरलेल्या पायऱ्या ते बोटांवर दाखवत. पाच. चार. मागून कोणीतरी ओरडलं, "बसा ना मास्तर, ऊन लागून राहिलं!" मी उन्हाचं महत्त्व सांगितलं. तीन. मंत्र्यांनी मनगटावरचं घड्याळ पाहिलं, तेव्हा मी त्यांच्या वक्तशीरपणाकडे वळलो. दोन. माझा घसा सुकला. मंत्र्यांचा सावनेरला बसला तसा माझाही इथे बसणार, हे दिसू लागलं. एक. शेवटी साडूंनी मूठ मिटली आणि ते खुर्चीत बसले, नेहमीसारखे, तीन टप्प्यांत.

चाक फिरलं. पडदा सरकला. काटा शंभरावर होता. फुगे सुटले. नागपूरच्या एकाही घरातला एकही दिवा मिणमिणला नाही.

जेवणाच्या मांडवात सासरे भेटले. खाप्याहून खास आले होते, तिसऱ्या रांगेत होते. म्हणाले, "एक जवाई खाली फोनवर, एक जवाई वर भोंग्यावर. जोडी बराबर जुंपली बाप्पा." काय घडलं ते त्या हजार माणसांत फक्त त्यांनाच कळलं होतं. साडू मात्र जेवत नव्हते. वही उघडून शाईतल्या चाळीसकडे बघत होते. "घसा," ते म्हणाले. "घसा मी धरलाच नव्हता."

तेवढ्यात थोरले साहेब आले. "पाहिलंत?" ते म्हणाले. "काही झालं का? उगाच सगळ्यांना घाबरवत होतात."

जे घडलं नाही, त्याचा पुरावा कुठून आणणार? इतिहासातही ही अडचण आहे. लढाई जिंकणाऱ्यांचे पुतळे होतात, लढाई टाळणाऱ्यांचे होत नाहीत. साडूंनी फक्त गजूभाऊकडून त्या पन्नास मिनिटांची, कंट्रोल रूममधल्या यंत्राने आपोआप ओढलेली कागदाची पट्टी मागून घेतली. ती काचेत बसवून त्यांनी घड्याळाच्या खाली लावली. जवळजवळ सरळ रेघ, निरखून पाहिलं तर दहा ठिकाणी केसाएवढी हललेली. इतर अधिकाऱ्यांच्या घरी त्या जागी मंत्र्यांबरोबरचे फोटो असत. कोणी विचारलं तर साडू सांगत, "काही नाही झालं, त्याचा फोटो आहे."

काटा शंभरावर होता, म्हणजे अट पुरी झाली होती. तरी पावसाळ्याच्या तोंडावर बदली आली, त्याच उपकेंद्रावर. कागदावर 'प्रशासकीय कारणास्तव' असं होतं. खरं कारण पहिल्या रांगेने ऐकलं होतं. मी संतापलो, अर्ज लिहायला बसलो. माझ्याकडे शब्द भरपूर होते. साडूंनी माझं पेन बंद करून खिशात खोचलं. "राहू द्या साडभाऊ. कोणी वर जाते, तेव्हा कोणाले तरी खाली याव लागते. मी आलो." मुलीच्या कॉलेजसाठी ताई नागपुरातच राहिल्या. तीन वर्षं ते दर दुसऱ्या शनिवारी एसटीने येत, धूळ झटकत, आणि आल्या आल्या आधी घड्याळाकडे बघत. मग ताईंकडे. ताईंनी या क्रमाबद्दल त्यांना कधी क्षमा केली नाही आणि त्या तीन वर्षांत कधी घड्याळही पुढे केलं नाही.

परत आल्यावर त्यांनी उरलेली नोकरी केली, निवृत्त झाले, कूलरसमोर बसून बोट वर करत राहिले. पोहेवाला आता न सांगता अर्धी पळी टाकायचा. त्यांचं जाणंही त्यांच्या रीतीचंच झालं. आधी सायकल सोडली, मग फाटकापर्यंतची फेरी, मग खुर्ची. प्रत्येक पायरीवर थांबून, आम्हाला सवय होऊ देऊन.

परवा संध्याकाळी ताईंकडे गेलो होतो. घड्याळ अजून भिंतीवर आहे, किती मागे आहे ते आता कोणी सांगू शकत नाही. खाली काचेत ती रेघ. कूलर चालू होता. ताई मुलीच्या सासरच्या कुणाची तरी मनापासून उणीदुणी काढत होत्या आणि मी हो ला हो करत होतो. मधेच कूलरचा सूर खाली आला. अगदी थोडा, मला तर आधी कळलाही नाही. ताई बोलता बोलता थांबल्या, म्हणून कळलं. त्यांचं बोट वर होतं.

आम्ही दोघं थांबलो. एक, दोन, तीन, चार. सूर हलकेच वर आला.

"उचललं," ताई म्हणाल्या, आणि चहा गाळायला आत गेल्या.